त्र्याहत्तर तुकड्यांचं फूल

काचबाईंचा उजवा अंगठा एका मंगळवारी सकाळी संपावर गेला आणि पुन्हा कामावर आलाच नाही.

एकतीस वर्षं त्या अंगठ्याने काच कापली होती. लाल, निळी, दुधी, धुरकट, म्हणाल ती. काच कापायचा हिरा चिमटीत धरायचा, एका दमात रेघ ओढायची, खालून टिचकी मारायची, की काच गुमान दोन होते. आता मात्र हिरा हातात घेतला की मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ जायची, की त्यांच्या तोंडून सणसणीत शिवी निघायची. डॉक्टरांनी अंगठा इकडून तिकडून दाबून पाहिला आणि म्हणाले, "सांधा झिजलाय. आता ह्याच्याकडून काच कापून घेऊ नका."

"मग ह्याचं काय करू, चोखू?" काचबाईंनी विचारलं. तोंडाने त्या आधीपासूनच फटकळ. अंगठा गेल्यावर तर विचारूच नका.

रंगीत काचेच्या खिडक्या बनवायच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे काचबाईच म्हणायचे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला मोठाल्या खिडक्या, दुसऱ्या भिंतीला उभ्या लावलेल्या काचा, मधे माणूस आडवा झोपेल एवढं टेबल, आणि सगळीकडे कथलाचा वास. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांध्यांना वितळलेल्या कथलाचा डाख द्यायचा, झाली खिडकी. सांगायला सोपं, करायला महाकठीण.

मालक भला माणूस, पण कणा जरा मऊ. त्यांनी काचबाईंना बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुष्कळ केलंत. आता घरी आराम करा."

"आराम? आणि बोलू कुणाशी, भिंतींशी? नवरा जाऊन आठ वर्षं झाली. लेक आपल्या घरी सुखात आहे. दुपारी तीन वाजता घरात बसून मी करायचं काय, सांगा ना!"

मालकांनी डोकं खाजवलं. कारखान्यात एक जागा रिकामी होती खरी, ड्रॉइंगच्या टेबलाची. पण आता कागदावरचं ड्रॉइंग कुणी बघत नाही, म्हणाले. गिऱ्हाइकाला आधी पडद्यावर रंगीत चित्र हवं असतं. वाचनालयाच्या जिन्यावरच्या गोल खिडकीचं काम आलं होतं. त्यांना मोठं फूल हवं होतं. त्यासाठी एका जाहिरातीच्या ऑफिसातला डिझायनर चित्र काढणार होता.

"तुम्हीही कॉम्प्युटरवर फूल काढून आणा," मालक म्हणाले. "वाचनालयाने तुमचं घेतलं तर ड्रॉइंगचं टेबल तुमचं. त्या डिझायनरचं घेतलं, तर मग..." त्यांनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. "पाच आठवडे आहेत."

काचबाईंनी आयुष्यात माऊसला हात लावला नव्हता. पण मालकांपुढे "त्यात काय मोठं!" म्हणून त्या बाहेर आल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

संध्याकाळी लेकीला फोन केला. लेक ऐकून घेऊन म्हणाली, "आई, सोपं आहे. माझ्या सासूबाईंकडे जा."

"मेले तरी जाणार नाही."

"मेल्यावर कशाला जाशील? मेल्यावर कॉम्प्युटर काय करायचाय?"

आता ह्या विहीणबाईंचं सांगायला हवं. त्या तीस वर्षं छापखान्यात होत्या. पुस्तकांची कव्हरं, औषधांच्या खोक्यांवरची चित्रं, साबणाची वेष्टनं, सगळं कॉम्प्युटरवर मांडून छपाईला पाठवायचं त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. लग्नाची बोलणी चालू असताना ह्याच विहीणबाईंनी भर बैठकीत विचारलं होतं, "काच फोडायचं काम करता म्हणे तुम्ही?" त्यावर काचबाई म्हणाल्या होत्या, "हो, आणि तुम्ही कागद काळे करायचं." तेव्हापासून सहा वर्षं दोघींत "कशा आहात, बऱ्या आहात" याच्या पलीकडे शब्द गेला नव्हता. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत, पण अगदी अहो-जाहो करून.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काचबाईंनी विहिणीची बेल वाजवली.

विहीणबाईंनी दार उघडलं, आधी काचबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या अंगठ्याला बांधलेल्या पट्टीकडे. काचबाईंनी सगळं एका दमात सांगून टाकलं. मालक, टेबल, फूल, पाच आठवडे. वाटेत पाठ करून आल्या होत्या.

"म्हणजे हे जमलं नाही तर तुम्हाला घरी बसवणार?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो."

"मला बसवलंच," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. समोरच्या खोलीत कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड घातलेलं होतं. त्यांनी ते झटक्यात ओढलं. धूळ उडाली आणि दोघींना शिंका आल्या.

पहिला आठवडा कसा गेला ते काचबाईंनी कुणाला सांगितलं नाही, आणि आपणही फार खोलात जायला नको. उजवा अंगठा कामाचा नव्हता म्हणून माऊस डाव्या हातात. तो बाण पडद्यावर असा पळायचा, की दूध बघितलेलं मांजर बरं. फूल राहिलं बाजूला, तीन दिवस साधा गोल जमेना.

"अहो, दाबून धरायचं आणि मग ओढायचं," विहीणबाई सांगत.

"धरलाय!"

"कुठे धरलाय? गळ्याला नका धरू त्याच्या, हलका धरा."

रेघ कशी वळवायची हे विहीणबाईंनी फार चांगलं शिकवलं. पडद्यावर एक बिंदू टाकला, की त्याला दोन बाजूंना दोन बारीक दांड्या फुटायच्या. "हे त्याचे कान," त्या म्हणाल्या. "कान पिळला की रेघ वळते. जास्त पिळलात तर रुसते." काचबाईंना हे एकदम कळलं. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यातल्या माणसांचं हेच तर केलं होतं. चौथ्या दिवशी पहिली पाकळी उमटली. जरा फुगलेली, एका बाजूला कललेली, पण पाकळी. काचबाई तिच्याकडे पाहत राहिल्या आणि मग चुकून कोपर लागलं आणि पाकळीचं भजं झालं.

"गेली!" काचबाई ओरडल्या. "गेली माझी पाकळी!"

विहीणबाईंनी शांतपणे हात पुढे केला आणि दोन कळा दाबल्या. पाकळी जशीच्या तशी परत आली.

काचबाई पडद्याकडे वाकल्या. काच एकदा चुकीची गेली की गेली. एकतीस वर्षांत किती तुकडे असे गेले होते, सुंदर, महागाचे, परत न मिळणारे, आणि किती वेळा त्यांनी मनातल्या मनात म्हटलं होतं, की देवा, एवढी एक रेघ मागे घे. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या. विहीणबाईंनी पाकळी घालवली, परत आणली. घालवली, परत आणली. काचबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी ते सरळ पदराने पुसलं, लपवलं नाही. विहीणबाईंनी ते पाहिलं. त्या उठून आत गेल्या आणि चहा टाकला. सहा वर्षांतला तो पहिला चहा, जो नुसता रीत म्हणून नव्हता.

भांडणं मात्र थांबली नाहीत. एक पाकळी नीट जमल्यावर विहीणबाईंनी ती उचलली, मध्याभोवती फिरवली, आणि पाहता पाहता बारा पाकळ्यांचं फूल तयार! त्या अभिमानाने मागे रेलल्या. काचबाईंनी नाक मुरडलं.

"हे काय? एक काढली की अकरा फुकट? हे फूल नाही, पंखा आहे."

"सुबक आहे की!"

"सुबक आहे, पण मेलेलं आहे. एकसारख्या दोन पाकळ्या कुठल्या झाडाला पाहिल्यात? प्रत्येकीचा कान वेगळा पिळायचा."

"बारा वेळा?"

"बारा वेळा."

विहीणबाई कपाळाला हात लावून बसल्या, पण उठल्या नाहीत. रंगाचंही तेच झालं. त्यांनी पाकळीत लाल रंग ओतला, कडेला फिकट, मधे गडद. काचबाई म्हणाल्या, अशी काच जगात नाही, ही साबणाच्या वेष्टनावरची लाली आहे. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीभर काचेचे तुकडे घेऊन आल्या. एकेक तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरायचा, फोनने फोटो काढायचा, आणि तो फोटोच पाकळीत भरायचा, असं ठरलं. काचेत लाकडासारख्या रेषा असतात; त्या देठाकडून टोकाकडे गेल्या पाहिजेत. फोटो फिरवून फिरवून विहीणबाईंचे डोळे दुखले. पण पहिली पाकळी भरली तेव्हा त्याच पुढे वाकून म्हणाल्या, "अगंबाई! ही तर पेटली!"

"आता कळलं?" काचबाई म्हणाल्या. "आम्ही काच का फोडतो ते?"

विहीणबाई हसल्या. मग दोघीही हसल्या, पोट धरून. टीव्हीसमोर बसलेल्या व्याह्यांनी आवाज वाढवला.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी फूल पुरं झालं. मधे सोनेरी गोल, भोवती बारा बारीक केसर, मग आतल्या बारा पाकळ्या, मग बाहेरच्या लांब बारा. लांब पाकळीत एक आडवी शीर घालून तिचे दोन तुकडे केलेले, कारण एवढी लांबट काच एका तुकड्यात टिकत नाही. पाकळ्यांच्या मधल्या जागांत निळसर धुरकट काचेचे चोवीस तुकडे. एकूण त्र्याहत्तर. वरून शिशाच्या पट्टीची काळी जाड रेघ. काचबाईंनी खुर्ची मागे सरकवून ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "चोख."

आता एकच काम उरलं होतं. कारखान्याचा थोरल्या मालकांपासूनचा एक नियम होता: कुठलंही ड्रॉइंग काचेत उतरायच्या आधी ते पुठ्ठ्यात उतरायचं. सगळे तुकडे खऱ्या मापात छापायचे, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचे, आणि खिडकीच्या लोखंडी कड्यात शिशाच्या पट्ट्यांसकट मांडायचे. पुठ्ठा बसला तर काच बसेल. पुठ्ठा नाही बसला, तर ड्रॉइंग कितीही देखणं असो, रद्दी. त्यासाठी त्र्याहत्तर तुकडे सुटे करून, नंबर घालून कागदांवर मांडायला हवे होते.

"ते माझ्यावर सोडा," विहीणबाई म्हणाल्या. "कागदावर माल कसा बसवायचा हे मला शिकवू नका. तुम्ही घरी जा, झोप काढा. चेहरा बघा किती उतरलाय."

काचबाई घरी गेल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी कुणावर तरी काम सोडलं होतं.

सोमवारी सकाळी कारखान्यात गर्दी झाली. गर्दी म्हणजे मालक, वाचनालयाच्या ग्रंथपालबाई, दाढी नीट कोरलेला डिझायनर, दोन्ही विहिणी, आणि पैलवान. पैलवान हा कारखान्यातला जुना कारागीर. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून पैलवान. दोन्ही चित्रांचे छापील कागद त्याने सकाळी सात वाजताच पुठ्ठ्यावर चिकटवून कापून ठेवले होते.

आधी पडदा. डिझायनरचं फूल आलं. काय देखणं होतं! पाकळ्यांची टोकं आत वळलेली, वाऱ्यावर उडाल्यासारखी, रंग एकमेकांत विरघळलेले. ग्रंथपालबाई "वा!" म्हणाल्या, अगदी मनापासून. मग काचबाईंचं फूल आलं. ग्रंथपालबाई पडद्याजवळ गेल्या.

"हे साधं आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्यातली काच खरी वाटते. लागल्यावर अशीच दिसेल?"

काचबाई भिंतीपाशी गेल्या, डाव्या हाताने एक लाल काच उपसली आणि खिडकीसमोर धरली. त्या काचेतल्या रेषा आणि पडद्यावरच्या पाकळीतल्या रेषा त्याच होत्या. ग्रंथपालबाईंनी दोन वेळा इकडून तिकडे मान फिरवली. मग डिझायनरकडे वळून विचारलं, "तुमचा रंग कुठल्या काचेचा?" तो खाली बघत म्हणाला, "तसं... जवळपासचा शोधावा लागेल."

मग पुठ्ठा. डिझायनरची खिडकी मांडताना पैलवानने तिसऱ्या पाकळीपाशी हात थांबवला आणि तिच्या वळलेल्या टोकात बोट घातलं. "ही कात्रीने कापली, कापता आली. हिऱ्याने नाही कापता येणार. काच एवढी आत वळत नाही, इथे तडकणारच."

"बदलून देतो," डिझायनर म्हणाला. "चार दिवस द्या." ग्रंथपालबाईंनी मान हलवली. चित्र त्यांना आवडलं होतं, चार दिवस काही फार नव्हते.

आता काचबाईंची पाळी. पैलवानने मधला गोल ठेवला, भोवती पट्टी, मग केसर, पट्टी, आतल्या पाकळ्या, पट्टी. काचबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. बाहेरच्या पाकळ्या सुरू झाल्या, प्रत्येकीसोबत तिच्या बाजूचे दोन धुरकट तुकडे. पाचव्या पाकळीपाशी त्यांच्या कपाळावर आठी पडली. आठवीपाशी पैलवान पट्ट्या दाबायला लागला. अकरावी त्याने हातोडीच्या दांड्याने ठोकून बसवली. बारावीला जागाच उरली नाही. दोन्ही तुकडे हातात घेऊन तो उभा राहिला आणि तिथे सुपारी ठेवायलाही जागा नव्हती.

डिझायनरने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. आणि मालक, भला माणूस, हळूच म्हणाले, "असू दे काचबाई. ह्या वयात एवढं शिकलात हेच खूप झालं."

ते "ह्या वयात" काचबाईंना असं झोंबलं, की कुणी सणसणीत थोबाडीत दिली असती तरी परवडली असती. कानशिलं तापली. एकतीस वर्षांत त्यांची एक खिडकी कड्याबाहेर गेली नव्हती, एक! त्यांनी पैलवानच्या हातातला पुठ्ठा ओढून घेतला आणि मोजपट्टी लावली. ही पाकळी त्यांनी एकशे दहा मिलिमीटर रुंद काढली होती. नीट आठवत होतं, दोन दिवस तिच्याशी भांडल्या होत्या. मोजपट्टी एकशे बारा दाखवत होती.

"ही वाढलीये," त्या म्हणाल्या. "माझी पाकळी कुणीतरी वाढवलीये."

आणि त्यांची नजर विहीणबाईंवर गेली. विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी फटी बुजवल्या," विहीणबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "काळी रेघ काढून टाकली तर खाली प्रत्येक तुकड्याभोवती पांढरी फट. त्र्याहत्तर तुकडे, सगळीकडे फट! मला वाटलं, तुम्हाला भिडवायला जमलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. सगळे तुकडे चहूबाजूंनी एक मिलिमीटर फुगवले आणि जुनी फाईल पुसून तीच ठेवली. आमच्यात... रंगाला रंग केसभर चढवायचाच असतो. पांढरं दिसलं तर सगळी छपाई रद्दी."

झालं होतं ते असं. शिशाच्या पट्टीला दोन्ही बाजूंना खोबण असते आणि मधे एक भिंत. दोन काचा त्या भिंतीला टेकतात, एकमेकींना कधीच भिडत नाहीत. म्हणून काचेचं काम करणारा माणूस तेवढी फट सोडूनच रेघ काढतो. हे इतकं साधं, की ते कुणी कुणाला सांगत नाही. काचबाईंनीही सांगितलं नव्हतं. आणि छापखान्यात फट म्हणजे पाप. तीस वर्षं एक बाई फट ठेवायला शिकली नाही आणि एकतीस वर्षं दुसरी बाई फट बुजवायला शिकली नाही. दोघींनी आपापलं काम अगदी चोख केलं आणि करायला गेलं एक, झालं भलतंच.

काचबाईंच्या जिभेवर जे आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते त्यांनी गिळलं. आयुष्यात गिळलेली ही बहुधा पहिलीच शिवी. डोळ्यांपुढे त्यांना दिसलं, शुक्रवारी ही बाई एकटी कॉम्प्युटरसमोर बसलीये, आपली चूक झाकायला, आपल्याला न सांगता, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून.

"कुणी केलं हे?" मालकांनी विचारलं. त्यांना पुरतं ऐकू गेलं नव्हतं.

"ड्रॉइंग माझं आहे, चूक माझी," काचबाई म्हणाल्या. "मला एक तास द्या."

"काही नाही हो त्यांची चूक!" विहीणबाई ताडकन पुढे आल्या. "माझी आहे. मोठ्याने सांगते, माझी! त्यांचं माप बरोबर होतं."

ग्रंथपालबाईंनी घड्याळ पाहिलं. "मला एकपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या आणि एका स्टुलावर बसल्या. "मलाही बघायचंय."

काचबाई ड्रॉइंगच्या टेबलाशी बसल्या. कॉम्प्युटरपुढे, सगळ्यांच्या देखत, डाव्या हाताने. मागे पाच माणसं. बाण एकदा पळाला, त्यांनी त्याला परत आणला. सगळे तुकडे निवडले आणि चहूबाजूंनी एक मिलिमीटर आत घेतले. एका दमात त्र्याहत्तर तुकडे बारीक झाले आणि पांढऱ्या फटी उघडल्या.

"झालं?" डिझायनरने विचारलं.

"कसलं झालं!" त्या म्हणाल्या. "टोकं बघा."

फुगवून पुन्हा आवळताना पाकळ्यांची टोकं बोथट झाली होती. बाहेरच्या बाराही पाकळ्या जणू नखं कापल्यासारख्या. केसरांची तर पार टाचणीची डोकी झाली होती. काचबाईंनी पहिल्या पाकळीचं टोक मोठं केलं, बिंदू पकडला, ओढला, कान पिळला. मग दुसरी. मग तिसरी. विहीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच सांगू लागल्या, "सातवी राहिली... केसर, डावीकडचा..." नवव्या पाकळीनंतर बाण पळायचा थांबला. त्यांच्याही लक्षात आलं नाही कधी. डिझायनर पुढे सरकून पाहत होता. "ही फट किती ठेवता?" त्याने विचारलं, आणि त्या न वळता म्हणाल्या, "पट्टीच्या भिंतीएवढी. पट्टी बदलली की फट बदलते. लिहून घ्या."

त्याने खरंच लिहून घेतलं.

पावणेबाराला प्रिंटर खरखरला. मालकांनी स्वतः कागद पुठ्ठ्याला चिकटवले. कापायला पैलवान, डिझायनर आणि विहीणबाई असे तिघे बसले, आणि विहीणबाईंची कात्री सगळ्यांत सरळ चालली. साडेबाराला कडं पुन्हा टेबलावर आलं.

गोल. केसर. आतल्या पाकळ्या. पट्ट्या आता आपोआप बसत होत्या, ठोकावं लागत नव्हतं. बाहेरची पहिली, चौथी, आठवी, आपापल्या धुरकट तुकड्यांसकट. ग्रंथपालबाई स्टुलावरून उठून टेबलाशी आल्या. अकरावी बसली. पैलवानने बाराव्या पाकळीचे दोन तुकडे उचलले, आणि मग थांबून ते काचबाईंपुढे धरले.

"तुम्ही बसवा," तो म्हणाला.

काचबाईंनी डाव्या हाताने पहिला तुकडा सरकवला. मग पट्टी. मग दुसरा. तो खोबणीत गेला, कड्याला टेकला आणि थांबला. ना घट्ट, ना सैल. पैलवानने कडं दोन्ही हातांनी धरून हलवलं. एकही पुठ्ठा हलला नाही.

"बसली!" पैलवानने टेबलावर अशी थाप मारली, की हातोडी खाली पडली. "अहो, बसली!"

आणि मग जो गलका झाला! मालक टाळ्या वाजवत होते, डिझायनर टाळ्या वाजवत होता, विहीणबाई एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. ग्रंथपालबाईंनी कड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आम्हाला हीच खिडकी हवी. आणि ती करणाऱ्या ह्याच हव्यात." डिझायनर पुढे होऊन काचबाईंशी हात मिळवायला गेला, उजवा हात पुढे केला, मग अंगठ्याची पट्टी पाहून डावा केला.

काचबाईंना काय वाटत होतं? आनंद होत होता, दुसरं काय! छाती फुटेल एवढा आनंद. अंगठा गेला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपलं सगळं त्या अंगठ्यातच होतं. आता कळलं, की अंगठा नुसता नोकर होता. मालकीण अजून जागेवर होती.

ग्रंथपालबाई एक वाजता गेल्या. मालक घसा खाकरून म्हणाले, "काचबाई, मघाशी मी वयाचं बोललो ते..."

"ते राहू द्या. टेबलाचं बोला."

"टेबल तुमचं. उद्यापासून या."

"उद्या कशाला?" काचबाई म्हणाल्या. "आजचा अर्धा दिवस बाकी आहे अजून." आणि त्या खुर्ची पुढे ओढून बसल्याही.

विहीणबाई पिशवी उचलून दाराशी गेल्या होत्या. "मग मी येते हो," त्या म्हणाल्या. आवाज जरा पडला होता. घरी टीव्ही होता, व्याही होते, आणि कॉम्प्युटरवर घालायचं ते कापड होतं.

"कुठे येता?" काचबाईंनी मान वर न करता विचारलं. "मालक, पुढच्या महिन्यात तीन खिडक्या आहेत. माझ्या एकीच्या डाव्या हाताने होणार नाहीत. कागदावर माल बसवायला मला माणूस लागेल, आणि ह्यांच्याएवढा चोख माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. काय ते आत्ता सांगा."

मालकांनी एकदा काचबाईंकडे पाहिलं, एकदा विहीणबाईंकडे, आणि पैलवानला म्हणाले, "आतून एक खुर्ची आण."

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. पिशवी अजून हातात. "पण मी ती फट..." त्या म्हणाल्या.

"या, बसा," काचबाई म्हणाल्या आणि आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. "किती सोडायची ते दाखवते."